हौदातला गप्पी, काचेतली गोगलगाय

अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर आहे, ती टेकडी माशाच्या आकाराची आहे असे सांगतात. जालना जिल्ह्यातल्या एवढ्या मोठ्या देवस्थानाच्या नावातच मासा असावा आणि जिल्ह्याच्या वाट्याला पाणी मात्र बेताचेच यावे, ही विसंगती मला फार वर्षे खटकत आली आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, नद्या पावसाळा सरला की आटणाऱ्या. अशा मुलखात माणसे घरात काचेची पेटी ठेवतात, तिच्यात पाणवनस्पती लावतात, मासे, झिंगे आणि गोगलगायी पाळतात. हे वेड मुंबईहून आले, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे.

मुंबईचा वाटा आधी सांगून टाकतो. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. मुंबई पाहायला गेलेल्या मराठवाड्यातल्या माणसाने राणीचा बाग, गेट वे आणि हे मत्स्यालय पाहिले नाही, असे सहसा होत नसे. पाण्यातला मासा बाजूने, डोळ्याला डोळा लावून पाहायचा अनुभव अनेकांना तिथेच पहिल्यांदा मिळाला. आपल्याकडे मासा पाहायचा तो वरून, विहिरीच्या काठावरून.

आणि विहिरीत मासे असतच. बारवेत, आडात कासव आणि मासे सोडायचे, ते पाणी स्वच्छ ठेवतात, ही समजूत जुनी आहे. माशांकडे बारकाईने पाहण्याची सवयही जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा गोड्या पाण्यातला, कोणता खाऱ्या, कोणाला काय खाऊ घालावे, याची त्यात चर्चा आहे. उद्देश गळ टाकून मासे धरण्याचा, हे खरे. पण खाणे नीट ठरवून मासा पोसायचा विचार या मुलखात नवा नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

पुढे इंग्रजी अमदानीत कर्नल सायक्स याने दख्खनच्या माशांवर जो निबंध लिहिला, तो १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या ग्रंथात छापून आला. सायक्सला १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करायला नेमले होते. गावोगाव फिरताना त्याने मासेमारांना नावे विचारली आणि तीच लॅटिन वळणाने शास्त्रीय नावांत बसवली. ‘टॉर खुद्री’, ‘लॅबिओ बोगट’, ‘स्पेराटा सिंघाला’, ‘गारा मुल्या’. यातला सिंघाला म्हणजे आपला शिंगाळा, हे कोणीही ओळखेल. नाव सांगणाऱ्या भोयाचे किंवा कोळ्याचे नाव मात्र निबंधात नाही. निबंधलेखनाची रीतच तेव्हा तशी होती.

त्याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात त्याने दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप ठेवले. रोप प्राणवायू देईल, माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड रोप घेईल, असा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण पुरा नव्हता. रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून त्यात सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि थर खाऊन टाकला, त्यांची अंडी माशांना खाद्य झाली आणि पाणी निवळले. १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने ‘अॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. या साऱ्या इतिहासात गॉसचे नाव मोठे होते. मला विचाराल तर मान त्या पाच-सहा गोगलगायींचा आहे. वनस्पतीचे मत्स्यालय त्यांच्यामुळे तगले.

आता जालन्याकडे. इथे काचपेटीच्या आधी हौद आला आणि हौदात गप्पी आला.

जालना निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती. त्याच राज्यातल्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्यानंतर डासांच्या अळ्यांवर सरकारी मोहिमा सुरू झाल्या. मुंबईत १९११ साली बेंटली यांनी हिवतापावरचा अहवाल दिला, त्यात बोट ठेवले ते शहरातल्या विहिरींवर. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, असे सरकारला वाटे. त्या बुजवायला धार्मिक कारणांवरून मोठा विरोध होता. विहीर न बुजवता अळ्या संपवायच्या तर त्यात अळ्या खाणारा मासा सोडणे, हा मधला मार्ग. १९१०च्या सुमारास गप्पी भारतात आला आणि १९२८ साली इटलीतून गंबुशिया आणला गेला.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदादचा. लेकमियर गप्पी या त्रिनिदादच्या गृहस्थाने तो लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवला आणि १८६६ साली त्याचे नाव माशाला मिळाले. पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सात वर्षे आधीच त्याचे वर्णन करून ठेवले होते, म्हणून शास्त्रीय नावातून ‘गप्पी’ गेला, बोलण्यात राहिला. गंमत अशी की या गप्पीसाहेबांचा खरा अभ्यास भूगर्भाचा आणि शंख-शिंपल्यांचा. म्हणजे माशावर नाव ज्याचे, तो माणूस मुळात गोगलगायींचा.

जालन्यात गप्पी टिकला याचे कारण पाण्याची टंचाई. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव वर्षानुवर्षे शहराची तहान भागवत आला. २०१२-१३च्या दुष्काळात तोही आटला आणि शहर टँकरवर जगले. एरवीसुद्धा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणे इथे कोणाला नवल वाटत नाही. त्यामुळे घरोघर हौद, पिंपे, रांजण, छतावरच्या टाक्या. आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासा. कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना भरलेला हौद कोण रिकामा करील? नळाचा फेरा आणि डासाचा फेरा नेमके एकाच लांबीचे. या पेचातून सुटायला हिवताप कार्यालयातून फुकट मिळणारे गप्पी उपयोगी पडले. सरकारी हिशेबाने एक गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो. मादी अंडी न घालता थेट पिले देते, महिन्याकाठी नवी वीण. शाकाहारी घरांतून कुरकुर झाली, पिण्याच्या पाण्यात मासा नको म्हणून. मग पिण्याचे वेगळे आणि वापरायचे वेगळे, अशी वाटणी झाली.

हौद भरला की पिले वाटीत, वाटीतून बरणीत, बरणीतून मुलांच्या हट्टापायी काचपेटीत. इथल्या मत्स्यालयवाल्यांना मी पहिला मासा कोणता असे विचारतो, तेव्हा उत्तर बहुधा गप्पी असेच येते.

काचपेटी आली तसे इथले पाणी आपला स्वभाव दाखवू लागले. काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी जड, चुन्याचे. मऊ पाणी मागणारी नाजूक रोपे आणि झिंगे त्यात तग धरत नाहीत. गप्पीला मात्र ते मानवते आणि गोगलगायीचे कवच त्या चुन्यावरच पोसते. दुकानात ‘मलेशियन ट्रम्पेट’ म्हणून मिळणारी निमुळती गोगलगाय तर आपल्याच देशातली. म्युलर याने १७७४ साली तिचे वर्णन केले ते कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून. दिवसा ती वाळूत दडते, वाळू उकरून मोकळी करते, रात्री वर येते.

झिंग्यांची हौस अलीकडची. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी वनस्पतींच्या मत्स्यालयाला निसर्गदृश्याचे रूप दिले आणि शेवाळ खायला लहान झिंगे पाळण्याची चाल पाडली. लाल ‘चेरी’ झिंगा मूळचा पूर्व आशियातला. जड पाणी त्याला चालते, जालन्याचा मे महिना चालत नाही. पाणी तापले की त्यातला प्राणवायू उतरतो. म्हणून पेटीवर पंखा, भोवती ओले फडके, माठाला लावतो तेच शास्त्र. दुसरा शत्रू तांबे. तांब्याच्या घंगाळात रात्रभर ठेवलेले पाणी आपण आरोग्याचे मानतो. झिंग्याला आणि गोगलगायीला तेच विष, कारण त्यांना तांब्याचा अंशही सोसत नाही.

गोगलगाय निरुपद्रवीच असते असे मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात गाडगीळ आणि शहा यांनी लघवीतून रक्त जाण्याचा परोपजीवी रोग शोधला. तो पसरवणारी होती ओढ्यातली नखाएवढीही नसलेली गोगलगाय.

माझी खरी चिंता पेटीबाहेरची आहे. गप्पी आणि गंबुशिया अळ्या खातात तशी देशी माशांची अंडी-पिलेही खातात. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला अप्लोचिलस अळ्यांवर तितकाच तुटून पडतो. त्याची पैदास मात्र क्वचितच कोणी करते. काच साफ करायला ‘सकर’ विकत घेतात. तो फूटभराहून मोठा होतो, पेटीत मावत नाही, मग पुण्य म्हणून तलावात सोडतात. उजनीच्या जलाशयात आज तो मासेमारांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळे फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. घाणेवाडी किंवा मोती तलाव उजनीपेक्षा कितीतरी लहान आहेत.

सायक्सच्या यादीतला मुल्या अजून गोदावरीच्या खोऱ्यात आहे. तोंड खालच्या बाजूला, दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो, सकरचे काम करतो आणि आकाराने सकरएवढा मोठा होत नाही. जालन्याच्या कोणत्याही दुकानात तो मी अजून पाहिलेला नाही.