दांडीच्या डफाची कुळकथा

वरळीत अ‍ॅनी बेझंट रोडवर, पोदार रुग्णालयाच्या परिसरात, निप्पोन्झान म्योहोजी पंथाचं बुद्धमंदिर आहे. आसपासची माणसं त्याला नुसतं ‘जपानी मंदिर’ म्हणतात. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला तिथे ढोलाचा ठोका पडतो. मोठ्या ढोलाच्या जोडीला भिक्षूंच्या हातात एक छोटं वाद्य असतं. गोल कड्यावर एकाच बाजूने ताणलेलं कातडं, खाली धरायला दांडी आणि वाजवायला बारीकशी काठी. जपानीत त्याला उचिवा-दाइको म्हणतात. आपल्याला तो दांडीचा डफच वाटतो. प्रार्थनेला बसलेल्या पाहुण्याच्या हातीही तो दिला जातो आणि ठोक्यावर एकच घोष चालतो : ‘नम्यो हो रेंगे क्यो’.

शांततेसाठी झटणाऱ्या या पंथाच्या लोकांनी एवढा दणदणाट का करावा, याचं उत्तर या डफाच्या कुळात आहे. कुळ मात्र सोवळं नाही. त्यात दंगेखोर पूर्वज आहेत, युद्धखोर भाऊबंद आहेत आणि पश्चात्तापही आहे.

मूळ घर भारतातच. घोषाचा अर्थ एवढाच : सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन. मूळ संस्कृत असलेला हा महायान ग्रंथ कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये चिनीत आणला आणि तिथून तो जपानात गेला. त्यात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची गोष्ट आहे. हा भिक्षू फारसं पठण करत नाही, प्रवचन देत नाही. भेटेल त्याच्यापुढे वाकतो आणि सांगतो, मी तुम्हाला तुच्छ मानत नाही, तुम्ही पुढे बुद्ध होणार आहात. लोक चिडतात, काठ्या उगारतात, दगड मारतात. तो पळून लांब जातो आणि तिथून पुन्हा मोठ्याने तेच सांगून नमस्कार करतो. मार चुकवायला तो मागे सरकतो, पण वंदन सोडत नाही. समोरच्याच्या हातात दगड असला तरी त्याच्यातल्या बुद्धावर हात उचलायचा नाही, हा त्या पंथाच्या अहिंसेचा पाया.

या सूत्राच्या नावाचा घोष हीच साधना, असं १२५३ साली निचिरेन या जपानी भिक्षूने जाहीर केलं. निचिरेन स्वभावाने मवाळ नव्हता. इतर पंथ देशाचा नाश करताहेत, असं तो राज्यकर्त्यांना तोंडावर सांगे, आणि त्यापायी दोनदा हद्दपार झाला. त्याच्या अनुयायांमध्ये डफ रुळला तो रस्त्यावर उतरून घोष करण्यासाठी. मंदिरात बसून ध्यान करणाऱ्याला डफ लागत नाही. चालणाऱ्याला, चारचौघांत ओरडून सांगणाऱ्याला लागतो.

विसाव्या शतकात या कुळाला दोन फांद्या फुटल्या. कांजी इशिवारा हा जपानी लष्करी अधिकारी निचिरेनचा कट्टर भक्त. जगात एक अंतिम महायुद्ध होणार आणि त्यातून एकता येणार, असं त्याने या भक्तीतूनच मनाशी पक्कं केलं होतं. सप्टेंबर १९३१ मध्ये मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट घडवून जपानी लष्कराने मांचुरिया घशात घातलं, त्या कटाचा तो प्रमुख सूत्रधार. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, तोच घोष ओठी असलेला दुसरा एक जपानी माणूस डफ घेऊन कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता. त्याचं नाव निचिदात्सु फुजी, वरळीच्या मंदिराच्या पंथाचा संस्थापक.

फुजी यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा, क्यूशू बेटावरच्या आसो भागातला. बुद्धाचा धर्म भारतातून पूर्वेला आला, तो एक दिवस जपानातून पुन्हा भारतात जाईल, या निचिरेनच्या भाकितावर त्यांची श्रद्धा होती. ते भाकीत खरं करायला ते इथे आले. तोवर ते शांततावादी झाले होते असं मात्र म्हणता येत नाही. त्यांचं पहिलं मंदिर १९१८ मध्ये मांचुरियातल्या लियाओयांगला उभं राहिलं, ते जपानी सत्तेच्या सावलीतच.

४ ऑक्टोबर १९३३ ला वर्ध्यात त्यांची गांधीजींशी भेट झाली. पुढे पंथाचे भिक्षू आश्रमात राहू लागले. त्यांतला एक, आश्रमातलं त्याचं नाव केशव, सेवाग्रामचाच होऊन गेला. रोज डफ वाजवून घोष करी. हळूहळू तो घोष आश्रमाच्या प्रार्थनेच्या आरंभी येऊन बसला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरलं आणि ब्रिटिश सरकारने केशवला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आश्रमातून नेलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला खुलं पत्र लिहिलं. चीनवरच्या आक्रमणाबद्दल त्यांनी जपानला खडे बोल सुनावले, हिंदुस्थानात पाऊल टाकाल तर प्रतिकार होईल असं बजावलं, आणि त्याच पत्रात केशवची आठवण काढली. तो गेला, पण त्याची प्रार्थना आणि छोटा डफ मागे राहिला, त्या डफावरच आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू होते, असं त्यांनी कळवलं. ज्या देशाची फौज ब्रह्मदेश घेऊन आपल्या वेशीवर आली होती, त्या देशाचा डफ सेवाग्रामला वाजतच राहिला. सेवाग्रामच्या प्रार्थनेत तो घोष आजही आहे.

हा पंथ मुंबईत वरळीलाच का आला, यालाही इतिहास आहे. मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांना हवा होता. निप्पोन युसेन कैशा या जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने १८९३ मध्ये मुंबई-कोबे मार्ग सुरू केला. गाठींमागोमाग जपानी व्यापारी, खलाशी आणि कामाठीपुऱ्यात येऊन पडलेल्या जपानी बायका मुंबईत आल्या. त्यांच्यातल्या मृतांसाठी वरळीत दफनभूमी झाली. १९३० च्या दशकात याच वरळीत फुजी यांच्या पंथाने मंदिर काढलं. त्या काळची वरळी वेगळ्या अर्थानेही अहिंसेच्या खात्यावर होती. नव्याने बांधलेल्या बीडीडी चाळींचा सरकारने सविनय कायदेभंगाच्या दिवसांत तुरुंग केला होता आणि सत्याग्रही तिथे कोंडले होते. मंदिराची आजची वास्तू १९५६ ची, जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून झालेली. परळचा बहुजन विहारही त्यांच्याच पैशाने १९३७ मध्ये उभा राहिला होता. तो बौद्ध विद्वान धर्मानंद कोसंबींनी कामगार वस्तीसाठी काढला. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ लिहिणारे कोसंबी शेवटी सेवाग्रामला गेले आणि जून १९४७ मध्ये अन्नत्याग करून त्यांनी तिथेच देह ठेवला.

फुजी यांचा खरा पालट युद्धाने केला. ६ ऑगस्ट १९४५ ला त्यांना साठ वर्षं पुरी झाली आणि त्याच सकाळी हिरोशिमावर अणुबाँब पडला. शस्त्र कुणाचंही असो, ते धरायचंच नाही, ही त्यांची भूमिका यानंतर पक्की झाली. १९५४ मध्ये कुमामोतोला त्यांनी पहिला शांतिस्तूप बांधला. १९५६ मध्ये टोकियोजवळच्या सुनागावा गावात अमेरिकी विमानतळासाठी शेतजमिनी घेण्यावरून चाललेला झगडा चिघळला, तेव्हा या पंथाचे भिक्षू पुढच्या रांगेत डफ वाजवत बसले. पोलिसांच्या दंडुक्यांनी त्यांची डोकी फुटली. सदापरिभूताची गोष्ट त्यांनी अंगावर झेलली. धावपट्टी वाढवायचा तो बेत शेवटी सोडून द्यावा लागला. पुढे १९६९ मध्ये राजगीरला, १९७२ मध्ये कलिंगयुद्धाच्या भूमीवर धौलीला आणि १९८५ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये स्तूप झाले. वर्ध्यालाही गीताई मंदिराशेजारी एक उभा आहे. ९ जानेवारी १९८५ ला, शंभरीच्या उंबरठ्यावर, फुजी गेले.

शस्त्र न धरण्याच्या या विचाराला वरळीतच एक कडक परीक्षकही आहे. मंदिराची वास्तू झाली त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि बीडीडी चाळींतली अनेक घरं बौद्ध झाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व मानलं, आंधळा नियम मानला नाही. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या चाळींत सवर्ण आणि दलितांमध्ये दंगल उसळली. त्यानंतरच्या मोर्चात दलित पँथरचा कार्यकर्ता भागवत जाधव वरून टाकलेला दगडी पाटा डोक्यात पडून मारला गेला. रोज अपमान सोसणाऱ्याला ‘शांत राहा’ सांगणं सोपं असतं, आणि सांगणारा बहुधा वरच्या मजल्यावरचा असतो. म्हणून बाबासाहेबांचा आक्षेप शांततावाद्याने टाळून चालत नाही.

डफाचं कुळ त्याला एक उत्तर देतं, अर्धं का होईना. फुजींच्या भिक्षूंनी मार खाणाऱ्या शेतकऱ्यांना शांततेचा उपदेश केला नाही. दंडुका पडणार होता तिथे ते स्वतः जाऊन बसले. दुसऱ्याला सांगितलेली अहिंसा जुलमाच्या सोयीची ठरू शकते, स्वतःच्या डोक्यावर घेतलेली सहसा ठरत नाही. इशिवाराच्या आणि फुजींच्या ओठी घोष एकच होता. एका वाटेने मांचुरिया गिळलं गेलं, दुसरी वाट सुनागावाच्या शेतात पोचली, तीही चुका करत आणि उशिराने. तेव्हा शांततावाद कुणाच्या ग्रंथातून किंवा मंत्रातून आपोआप निघत नाही. तो माणसाला निवडावा लागतो, आणि तो खरा की नुसता बोलाचा, हे मार कोण खातो यावरून ठरतं.