चाकोरी कुठून आली? छपराच्या बैलगाडीची चाके आणि कणा

१/ एस.टी. आणि ट्रक रुळण्यापूर्वी हातकणंगले परिसरातून सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेला निघालेली बैलगाडी म्हणजे कित्येक दिवसांचे चालते घर असे. वर छप्पर, आत शिधा, भांडी आणि अंथरुणे. अशी जुनी गाडी आज पुन्हा उभी करायची, तर साटा आणि छप्पर नव्याने करता येते. अडते ते चाकांपाशी आणि कण्यापाशी.

२/ लाकडी चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो. त्यातून आरे निघतात आणि बाहेरच्या वक्र पुठ्ठ्यांत रुततात. अनेक चाकांत सहा पुठ्ठे आणि बारा आरे आढळतात. सांध्यांना खिळ्यांचा आधार नसतो. सारे चाक आवळून धरते ती लोखंडी धाव.

३/ धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवतात. दीड मीटर व्यासाच्या धावेचा घेर सुमारे ४.७ मीटर, ती ५०० अंशांनी तापवली, तर तो जवळजवळ ३ सेंमी वाढतो. शेणीच्या आगीतून काढलेली लाल धाव चाकावर चढवून लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते आणि प्रत्येक सांधा घट्ट होतो. येथे सुताराचे माप चुकले, तर लोहाराचे श्रम वाया जात.

४/ कणा स्थिर राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. म्हणून ओझ्याने कण्याची टोके खालच्या बाजूनेच झिजतात, तर तुंब्यातला लोखंडी नळा चहूबाजूंनी. वर्षानुवर्षे एकत्र चाललेली चाके आणि कणा अशा रीतीने एकमेकांच्या मापाचे होतात. दुसऱ्या गाडीचे चाक आणून बसवले, तर ते डगमगते किंवा अडकते.

५/ कण्याच्या लांबीवर दोन चाकांमधले अंतर ठरते. कच्च्या वाटेवर त्याच अंतराचे दोन चर पडत. निराळ्या मापाच्या गाडीचे एक चाक चरात, तर दुसरे उंचवट्यावर जाई. या चरांचे नाव चाकोरी. ‘चाकोरीबाहेर जाणे’ हा वाक्प्रचार गाडीवाटेनेच भाषेला दिला.

६/ १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. हातकणंगले हे त्यावरचेच स्थानक. लांबचा माल रेल्वेने उचलला, तरी शेतापासून स्थानकापर्यंत बैलगाडीच लागे. लाकडी चाकाला खरा शह दिला तो हवेच्या रबरी टायरांनी.

७/ इचलकरंजीचा पंचगंगा साखर कारखाना रत्नाप्पा कुंभार यांनी उभारला. कारखान्यांच्या ऊसवाहतुकीत टायरगाडी सोयीची ठरली. छर्‍यांच्या बेअरिंगमुळे ती हलकी चाले, अधिक ऊस वाही आणि अरुंद धावेसारखा रस्ता कापत नसे. बैलांचे कष्ट घटले, ही जमेची बाजू. मात्र धाव चढवण्याचे काम उरले नाही आणि ते हातही दुर्मीळ झाले.

८/ आज जुनी चाके ढाब्यांच्या कुंपणांवर आणि हॉटेलांच्या दर्शनी भागात टांगलेली दिसतात. कणा बहुधा भंगारात गेलेला असतो. म्हणून पुनर्बांधणी करणाऱ्याने कण्यासह जोडी शोधावी. टोकांची जाडी, नळ्याचे भोक आणि दोन चाकांमधले अंतर आधी मोजावे. नवा कणा घडवावाच लागला, तर जुन्याची मापे नोंदवून तो जपून ठेवावा. त्या गावची चाकोरी किती रुंद होती, हे सांगणारी वस्तू तीच.