बोट सोडलं की

३१ ऑगस्ट २००८. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत तुम्ही प्रेक्षकांत बसलाय. दहीहंडी होऊन आठवडा झालाय, तरी समोर हंड्या टांगल्यात. गोविंदा मात्र धातूचे. आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची एबीयू रोबोकॉन ही रोबो-स्पर्धा पहिल्यांदाच भारतात आलीय आणि यजमान दूरदर्शनने विषयच दिलाय ‘गोविंदा’. एक यंत्र मुलगा हाताने चालवतोय. बाकीची बटण दाबताच आपापली निघतात. तुमच्या टाळ्या मात्र चालवणाऱ्याला. त्याचं कसब दिसतं ना! प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी कडेला हाताची घडी घालून उभी आहे. तिचं काम काल रात्रीच संपलंय. चषक चीनचं शिआन जियाओतोंग विद्यापीठ नेतं.

आता २०१४ची सुरुवात. पुण्यातल्या एका कॉलेजचं वर्कशॉप, रोबोकॉनची तयारी, रात्रीचे दोन. जमिनीवर पांढरी पट्टी, त्यावरून एक छोटं यंत्र चालतंय. वळणाशी येतं, वळतं आणि पट्टी सोडून थेट कपाटावर आदळतं.

‘‘मघाशी तर बरोबर वळलं होतं!’’ एक मुलगा वैतागतो.

‘‘मघाशी बॅटरी फुल होती,’’ सीनियर म्हणतो. ‘‘डिलेवर विसंबू नकोस रे. एन्कोडर वाच.’’

तुमच्या लक्षात येतं. मुलाने वळण वेळ मोजून ठरवलं होतं. बॅटरी उतरली, मोटर मंदावली, तेवढ्याच वेळात चाक कमी फिरलं. वेळेऐवजी एन्कोडरने चाकाचे फेरे मोजले, तर यंत्राला आपण कुठवर आलो ते कळेल.

२४ ऑगस्ट २०१४. पुन्हा बालेवाडी. गणपती पाच दिवसांवर आलेत. यंदाचा विषय पालकत्वाला सलाम. पालक-यंत्र माणूस चालवतो. बाळ-यंत्राने मात्र स्वतःचं स्वतः चालायचं. सी-सॉ, झोका, खांबांवरून चालणं, जंगल जिम. सगळे खेळ पुरे केले की त्या विजयाचं नाव ‘शाबास’. पालक बाळाला उचलून ठेवतो, झोका देतो. खांबांपाशी मात्र त्याचं काही चालत नाही. तिथे बाळाला पाऊल स्वतःच टाकावं लागतं. व्हिएतनामचं लाक होंग विद्यापीठ जिंकतं. या खेपेला तुमची नजर चालवणाऱ्यावर नाही, बाळाच्या पावलांवर आहे.

वर्तमानात या. २०२४मध्ये व्हिएतनाममधल्या रोबोकॉनमध्ये दोनपैकी एक यंत्र पूर्ण स्वयंचलित हवं होतं. पुढच्याच वर्षी मंगोलियातल्या बास्केटबॉलमध्ये दोन्ही यंत्रं हाताने चालवायची मुभा मिळाली. सामना रंगतदार झाला असेल, पण मुभा असली की दमलेला संघ रिमोटच उचलणार. आयत्या वेळी चूक सावरायला माणसाचं बोट हजर असलं, तर यंत्राला सावरायला शिकवायचं कुणी आणि कशाला? म्हणून स्वयंचलित भागाला नुसती जागा नको, जास्त गुण हवेत.

जाता जाता त्या रात्रीच्या वर्कशॉपात पुन्हा डोकावा. पहाटेचे चार. थर्मासातला चहा संपलाय. मुलगा बॅटरी मुद्दाम बदलत नाही, उतरलेलीच ठेवतो. बटण दाबतो आणि दोन पावलं मागे सरतो. यंत्र रखडत वळणाशी येतं, थोडं चुकतं, पट्टीबाहेर जातं. त्याचा हात पुढे होतो, सीनियर मनगट धरतो. यंत्र थांबतं. डावीकडे सरकतं, उजवीकडे सरकतं, आणि पट्टी सापडते.

कपाट या खेपेला वाचतं.