रँकिनबाईंची पाच मतं

८ डिसेंबर १९४१. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एकेका सदस्याचं नाव पुकारलं जात होतं आणि जो तो 'हो' म्हणत होता. आदल्याच दिवशी जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले होते. जपानविरुद्ध युद्ध पुकारायचं का, एवढाच प्रश्न होता. माँटाना राज्याच्या ६१ वर्षांच्या सदस्य जेनेट रँकिन यांचं नाव आलं आणि त्या 'नाही' म्हणाल्या.

सभागृहात गलका झाला. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या एव्हरेट डर्कसन यांनी विनवून पाहिलं, की मत बदला, नाहीतर निदान 'हजर' एवढंच नोंदवा. बाई बधल्या नाहीत. निकाल लागला ३८८ विरुद्ध १. बाहेर लोक अंगावर आले, तेव्हा त्यांनी टेलिफोन बूथमध्ये आसरा घेतला आणि तिथूनच पोलिसांना बोलावलं.

ही गोष्ट दर काही महिन्यांनी एखाद्या रीलमध्ये भेटते. 'दोन्ही महायुद्धांच्या विरोधात मत देणारी एकमेव सदस्य.' हे खरंच आहे. पण त्यांची संसदेतली नोंद उघडली, तर युद्ध पुकारण्यावरची मतं दोन नाहीत, पाच सापडतात. आणि ती पाच एका ओळीत नीट बसत नाहीत.

पहिलं मत १९१७चं. रँकिन नोव्हेंबर १९१६मध्ये निवडून आल्या. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेलेली ती पहिली बाई. देशातल्या बहुतेक बायकांना तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता. माँटानात तो १९१४मध्ये मिळाला होता आणि त्या लढ्यात रँकिन पुढे होत्या. २ एप्रिल १९१७ला त्यांनी शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. चार दिवसांनी, गुड फ्रायडेच्या पहाटे तीनच्या सुमारास मतदान झालं. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या वेळी उठून म्हणाल्या, की मला देशाच्या बाजूनं उभं राहायचंय, पण युद्धासाठी मत मी देऊ शकत नाही. निकाल ३७३ विरुद्ध ५०.

'नाही' म्हणणारे इतर ४९ पुरुष होते. खुद्द विल्सन यांच्या पक्षाचे सभागृहातले नेते क्लॉड किचिन त्यांत होते. तरी वर्तमानपत्रांत बातमी झाली ती रँकिनबाईंच्या डोळ्यांतल्या पाण्याची. मतदानाच्या हक्कासाठी झटणाऱ्या कॅरी चॅपमन कॅट यांच्यासारख्या नेत्याही नाराज झाल्या. या एका मतानं आपली चळवळ मागे पडेल अशी भीती होती.

दुसरं मत रीलमध्ये कधीच येत नाही. ७ डिसेंबर १९१७ला ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव आला आणि रँकिन 'हो' म्हणाल्या. मूळ युद्ध आधीच सुरू झालंय, हा ठराव म्हणजे त्यातली एक तांत्रिक बाब आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशीचा निकाल ३६५ विरुद्ध १. एकटे पडलेले सदस्य होते न्यूयॉर्कचे समाजवादी मेयर लंडन.

म्हणजे १९४१मध्ये ज्या जागी रँकिन उभ्या होत्या, तिथे चोवीस वर्षांपूर्वी दुसरंच कुणी उभं होतं, आणि तेव्हा रँकिन बहुमताच्या बाजूला होत्या.

तिसरं मत पर्ल हार्बरनंतरचं. चौथं आणि पाचवं त्यानंतर तीनच दिवसांनी, ११ डिसेंबर १९४१ला. जर्मनी आणि इटलीविरुद्धचे ठराव एकाच दिवशी आले. दोन्ही वेळा रँकिन फक्त 'हजर' म्हणाल्या. विरोधात एकही मत पडलं नाही. सोमवारी डर्कसन यांनी सुचवलेला आणि त्यांनी नाकारलेला पर्याय गुरुवारी त्यांनी स्वतःच घेतला.

नाही, हो, नाही, हजर, हजर. हा आलेख मला सरळ रेषेपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. आमच्या कामात एखादी गोष्ट नक्की कशी घडली हे शोधायचं तर माणसांच्या आठवणींवर कुणी विसंबत नाही. लॉग उघडतात. कारण आठवण आपोआप गुळगुळीत होते, लॉग होत नाही. रँकिनबाईंच्या भक्तांना 'हो' खटकेल, टीकाकारांना पहिला 'नाही' आजही खटकतो. नोंद दोघांसाठी तीच आहे.

ती नोंद आपोआप झालेली नाही. हजर सदस्यांपैकी एकपंचमांश लोकांनी मागणी केली तर प्रत्येकाचं मत नावानिशी इतिवृत्तात लिहिलंच पाहिजे, असं अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे. म्हणून १७८९पासूनची नावनिशीवार मतं आज कुणीही डाउनलोड करू शकतो.

आता आपल्याकडे बघू. लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. 'होय'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात, अध्यक्ष कौल जाहीर करतात. तुमच्या खासदाराची हजेरी कळते, विचारलेले प्रश्न कळतात. पण त्या आवाजात त्याचा आवाज कुठल्या बाजूला होता, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मतविभागणी झाली तरच नावं येतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे ती होतेच. सप्टेंबर २०२३मध्ये महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीवर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मतदान झालं. त्या दोघांची नावं आपल्याला माहीत आहेत: हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी आत वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो पटो न पटो, औरंगाबादच्या मतदाराला पुढच्या निवडणुकीत त्यावर विचार करता आला.

आणि नावं आली तरी व्हिप आहेच. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीपासून पक्षादेश मोडून मत दिलं आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. हा कायदा आला तो 'आयाराम-गयाराम' थांबवायला, आणि ते दुखणं खरं होतं. पण विकलं गेलेलं मत आणि विवेकानं दिलेलं मत यांत तो फरक करत नाही. गंमत म्हणजे त्याच १९८५ साली अमेरिकेच्या संसदभवनात रँकिन यांचा पुतळा बसला. चौथऱ्यावर त्यांचे १९१७चेच शब्द आहेत.

रँकिन १९४६ ते १९७१ या काळात सात वेळा भारतात आल्या, गांधीजींचा अहिंसेचा मार्ग समजून घ्यायला. १९६८मध्ये, ८७व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांचा मोर्चा घेऊन त्या वॉशिंग्टनमध्ये चालल्या. १९७३मध्ये वारल्या.

पण मला पुतळ्यापेक्षा माँटानाचे मतदार महत्त्वाचे वाटतात. पहिली खासदारकी संपल्यावर रँकिन वीसेक वर्षं काँग्रेसबाहेर होत्या. १९४०मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं, १९१७चं 'नाही' माहीत असताना. पर्ल हार्बरनंतर तेच लोक उलटले. भावानं कळवलं, की माँटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे. १९४२ला त्या उभ्याच राहिल्या नाहीत. निवडलं तेही नोंद बघून, नाकारलं तेही नोंद बघून.

तुमच्या खासदारानं गेल्या वर्षी दिलेलं एक मत आठवून बघा. भाषण नको, ट्वीट नको. मत.