वेठ आणि सक्तीची लष्करी सेवा

युद्धकाळात राज्याने प्रजेकडून सक्तीची सेवा घ्यावी काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा फ्रान्समधील १७९३ च्या सार्वत्रिक सैन्यभरतीपासून केली जाते. आपल्याकडे मात्र त्याचा इतिहास तलवारीपेक्षा ओझ्याशी अधिक निगडित आहे.

'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आला. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात चतुरंग सेनेच्या कर्मांबरोबर विष्टीचीही कर्मे सांगितली आहेत. छावणी, मार्ग, सेतू व विहिरी सिद्ध ठेवणे, शस्त्रे व धान्य वाहून नेणे, जखमींना रणभूमीवरून हलविणे ही ती होत. मराठीत या शब्दास फारसी 'बेगार' जोडला जाऊन 'वेठबेगार' हा सामासिक शब्द रूढ झाला. राज्यकर्त्यांची भाषा बदलली, तरी प्रथा कायम राहिली, याची ही भाषिक खूण होय.

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला. निजामअली गोदावरीपार गेला होता. अलीकडे राहिलेल्या सैन्यास मराठ्यांनी गाठले आणि दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. म्हणजे नदी उतरण्याच्या कामावरच या लढाईचा निकाल अवलंबून होता. परंतु इतिहासात नावे उरतात ती सरदारांची. त्या काळचा शिपाई बहुधा पगारासाठी वा सरंजामाच्या नात्याने लढे. वेठ मात्र जन्माने ठरे, आणि तिचा भार मुख्यतः महारादी जातींवर पडे.

ब्रिटिश अमदानीत ही विषमता अधिक स्पष्ट झाली. महारांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती. १९१७ साली त्यांची पलटण उभारली गेली, ती युद्धानंतर लवकरच मोडण्यात आली. ज्यांच्यावर वेठीची सक्ती होती, त्यांना स्वेच्छेने शिपाई होण्याचा हक्क नव्हता. १९१७ च्याच संरक्षण दलाच्या कायद्याने लष्करी सेवेची सक्ती केली ती युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. हिंदी लोकांसाठी ती ऐच्छिक होती. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळकांनी सैन्यभरतीच्या प्रश्नाची स्वराज्याशी सांगड घालताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबविले, आणि टिळक सभात्याग करून गेले. नागरिकत्वाचे हक्क न देता सैनिक मागावेत काय, हा तेथील खरा वाद होता.

गेवराई सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. २६ जानेवारी १९५० पासून तेथेही संविधान लागू झाले. त्याच्या २३ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या खंडाने वेठबेगार निषिद्ध ठरविली. दुसऱ्याने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्यास दिली, परंतु केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९६२ च्या आणीबाणीत १४, २१ व २२ या अनुच्छेदांखाली न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. २३ वा त्या आदेशात नव्हता. पुढेही भारतीय सैन्य ऐच्छिक भरतीवरच उभे राहिले.

तेव्हा सक्तीच्या सेवेची कसोटी केवळ युद्धाची निकड ही नव्हे. ती सेवा सर्वांवर सारखी पडते, की दुर्बलांच्याच खांद्यावर, हे पाहावे लागते. 'वेठ' या शब्दाचा दीर्घ इतिहास नेमके हेच दाखवितो.