मृगसाल : पेरणीबरोबर सुरू होणारं सरकारी वर्ष



मृग लागला की आपलं खरिपाचं वर्ष सुरू होतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. पण एके काळी आपल्या मुलखात सरकारी वर्षसुद्धा मृगालाच सुरू होत असे. त्याला शुहूर सन किंवा मृगसाल म्हणत.

दख्खनेत सुलतानी अंमल आला तेव्हा दरबारची कालगणना हिजरी होती. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं, सुमारे 354 दिवसांचं. आपले पंचांगातले महिनेही चंद्राचेच. पण दर साल मागे पडणारे अकरा दिवस आपण तीनेक वर्षांनी अधिक महिना धरून भरून काढतो. हिजरीत अधिक महिना नाही, म्हणून मोहरम कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात. सणावाराचं त्यात काही अडत नाही. अडतं ते साऱ्याचं. हिशेब करून बघा : शेतात 33 वर्षांची पिकं निघतात, तोवर हिजरीची 34 वर्षं होतात. सालागणिक सारा मागितला तर एका सालाचा सारा न पिकलेल्या पिकावर भरायचा! शिवाय वसुलीचा महिना सरकत सरकत कधीतरी ज्वारी पोटरीत असतानाच दारात उभा राहणार.

यावर तोड निघाली ती मोठी व्यवहारी. आकडा हिजरीचा ठेवला आणि वर्ष सूर्याचं केलं. सूर्य मृग नक्षत्रात गेला की नवा सन. हिजरी 745, म्हणजे इ.स. 1344, या ठिकाणी दोन्ही सनांचे आकडे जुळतात. म्हणून महंमद तुघलकाच्या अमलात, त्या सुमारास हा सन सुरू झाला असं मानतात. पुढे हिजरी धावत सुटला. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपत झालं, तेव्हा हिजरी 1174 चालू होतं आणि शुहूर 1161.

पेशवाईच्या कागदांत हे साल अरबी शब्दांनी लिहिलेलं सापडतं. 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : 1161. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हे शब्द पाठच असत. तुमच्या घरी जुनी सनद असेल तर शुहूर सनात 599 मिळवा, इसवी सन निघेल. कागद जानेवारी ते मृगाच्या आतला असेल तर 600 मिळवायचे.

आता मृगही अगदी जागच्या जागी नाही बरं का. पंचांगाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं आहे. त्यामुळे साधारण 70 वर्षांत मृग एक दिवस उशिरा येतो. तेव्हा पेरणीला तारीख बघू नका, जमिनीत ओल किती उतरली ते बघा.

शुहूर सन व्यवहारातून गेला. पण महाराष्ट्रात महसुली वर्ष आजही पाडव्याला किंवा 1 जानेवारीला सुरू होत नाही. ते 1 ऑगस्टला सुरू होतं, तेव्हा खरिपाची पिकं रानात उभी असतात.