भिंतीवरची थाप

आमची अम्मी घाटकोपरच्या चाळीत एकटी राहायची. बरं वाटेनासं झालं की भिंतीवर लाटणं आपटायची. पलीकडच्या मावशी धावत यायच्या. पुढे चाळीच्या जागी इमारत आली, दारं बंद झाली, थापही थांबली.

अशा बंद दारांसाठी अमेरिकेत १९७४ मध्ये अँड्र्यू डिबनर यांनी ‘लाइफलाइन’ सुरू केली. संकटातल्या वृद्धाचा निरोप टेलिफोनच्या तारेवरून मदतीला येणाऱ्यांपर्यंत पोचायचा. त्या काळी आपल्याकडे टेलिफोनसाठीच वर्षानुवर्षं थांबावं लागे! मुंबईत १९८६ मध्ये एमटीएनएल आलं, १९९५ मध्ये मोबाइल. २०२१ मध्ये ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतक्रमांक देशभर सुरू झाला. आता माणूस पडल्याचं ओळखणारी मनगटी घड्याळंही मिळतात.

तसं एक मी अम्मीला घेऊन दिलं. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली. क्षणात मला अंधेरीत निरोप आला. पण घाटकोपर गाठायला तास लागणार होता. मी फोन केला. दार उघडलं त्याच मावशींच्या सुनेनं. आमची एक किल्ली तिच्याकडे असते.

म्हणून सांगतो, घड्याळ जरूर घ्या. पण एक किल्ली शेजारी ठेवा.